आधी बंद, मग केबल

तिने त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "हात लावू नका त्याला." तेही मान वर न करता.

आता प्रेमकथेची ही काय सुरुवात झाली, असं तुम्ही म्हणाल. पण झालं ते असंच. काउंटरवर कुणाचा तरी जुना लॅपटॉप चालू होता, त्याच्या पाठीतून जाडजूड केबल निघाली होती, आणि दारातून आलेला एक उंच, किडकिडीत माणूस आपल्या हातातलं गाठोडं ठेवायला जागा करावी म्हणून ती केबल अलगद बाजूला सारायला गेला होता. एवढ्यावरून ती डाफरली. तो बिचारा हात तसाच हवेत धरून उभा राहिला. मग तिने मान वर केली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी तिच्या बाबांच्या अक्षरात होती : आधी बंद, मग केबल.

"चुकलं, मॅडम," तो म्हणाला. "आत यायच्या आधीच वाचायला हवं होतं."

पाटी आतून लावलेली होती, बाहेरून दिसायचा प्रश्नच नव्हता. तिला हसू आलं... पण गिऱ्हाइकापुढे पहिल्याच भेटीत हसायचं नाही, हा तिचा नेम होता, म्हणून तिने ते गिळलं.

दुकान होतं जुन्या कॉम्प्युटरांचं. जुने म्हणजे खरोखर जुने, बनवणाऱ्यांनी ज्यांच्यावर कधीच पाणी सोडलंय असे. ते कोण आणतं म्हणाल, तर ज्यांचं काम त्यांच्यावाचून अडतं ते. कापड कापायचं एखादं धडधाकट मशीन असतं, प्रयोगशाळेतला तराजू असतो. ती तीस-तीस वर्षं चालतात, पण बोलतात फक्त जुन्या लॅपटॉपच्या पाठीवरच्या दोन पोर्टांशी. एक सिरीयल, नऊ काट्यांचं. दुसरं पॅरलल, पंचवीस भोकांचं, चांगलं वीतभर नाही तरी तीन बोटं रुंद. नव्या लॅपटॉपला ही दोन्ही नसतात. बाबांनी हे दुकान काढलं, बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने सोल्डरिंग हातात घेतलं, आणि गल्लीत तिचं नाव पडलं पोर्टवाली. बाबा आता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून नुसतं बघत. बोलत फार कमी, आणि तिच्या हातावर त्यांचा फार विश्वास.

त्याच्या गाठोड्यातून निघाला तो असाच एक लॅपटॉप, विटेसारखा जड. पंखा घरघरत होता आणि स्क्रीन मध्येच डोळे मिटत होता. हे दुरुस्त करून हवं होतं आणि लवकर हवं होतं. का, ते त्याने सांगितलं. तो अंधांसाठीची एक लायब्ररी चालवत होता, दोन खोल्यांची. तिथे ब्रेल छापायचं एक मशीन होतं, लोखंडी, चौघांनी उचलावं असं. ते कागदावर ठिपके उठवायचं. मशीन चालायचं या लॅपटॉपच्या पॅरलल पोर्टवरून, आणि ठिपके पाडणारा प्रोग्रॅम याच्यावरच होता. त्याची धाकटी बहीण, तिला तो छोटी म्हणायचा, जन्मापासून पाहू शकत नव्हती. तिची कायद्याची शेवटची परीक्षा सदतीस दिवसांवर आली होती. पुस्तकांतलं सगळं तो स्वतः टाइप करून तिला छापून द्यायचा. सहाशे पानांपैकी दीडशे झाली होती.

ऐकून नाही का अभ्यास होत, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं की होतो, पण कायद्याचं वाक्य कानाने ऐकलं तर छोटीच्या डोक्यातून संध्याकाळपर्यंत उडतं. बोटाखालून गेलं की बसतं.

"चार दिवस," ती म्हणाली.

आणि चार दिवसांत तिने केलंही. पंखा बदलला, स्क्रीनची तार नवी टाकली. चौथ्या दिवशी दुपारी शेवटची तपासणी म्हणून पॅरलल पोर्टला दुकानातला जुना प्रिंटर जोडून तिने एक पान छापलं. छान उमटलं. आता लॅपटॉप बंद करायचा, केबल काढायची, की झालं.

त्याच वेळी तो आत आला. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते, म्हणून तो दारातच थांबला, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा अगदी उघडा, झोपेतून उठल्यासारखा दिसत होता. पापण्या ओल्या होत्या. चष्मा हातात असल्यामुळे ती आपल्याकडे बघतेय हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं... आणि म्हणूनच तिने मनसोक्त बघून घेतलं. बघता बघता हाताला सवयीचं काम करू दिलं. बोटांनी दोन्ही स्क्रू सैल केले आणि केबल ओढली.

लॅपटॉप चालू होता.

हल्लीच्या केबली चालू यंत्रातून कशाही ओढा, त्यांना काही होत नाही. या जुन्या पॅरलल पोर्टचं तसं नव्हतं. त्याच्या तारा थेट आतल्या चिपला जाऊन भिडतात, आणि चालू असताना केबल हलली तर चिपला झटका बसू शकतो. पुष्कळदा बसत नाही. बाबांच्या उभ्या आयुष्यात दोनदा बसला होता, म्हणून तर ती पाटी. तिने मुकाट्याने केबल परत लावली आणि अजून एक पान सोडलं. प्रिंटर हूं की चूं करेना.

"झालं का?" तो चष्मा चढवत म्हणाला.

इथे तिने खरं सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम. पण बाबा कोपऱ्यातून बघत होते, तो काउंटरवर हात ठेवून हसत उभा होता, आणि तिच्या तोंडून निघालं की पॅरललचा एक भाग फार जुना झालाय, केव्हाही दगा देईल, तो बदलायला हवा, मागवलाय, दोन दिवसांत येईल.

एका खोट्याला दुसरं लागतंच. तो म्हणाला, मग तोवर लॅपटॉप घरी नेतो, टाइप तरी करेन. घरी नेला असता तर त्याने मशीनला जोडून बघितला असता, आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून तिने सांगितलं की खालचं झाकण उघडं ठेवलंय, न्यायचा नाही. टाइप करायचं असेल तर इथे येऊन बसा.

तो दुसऱ्या दिवसापासून येऊन बसायला लागला.

रोज दुपारी तीनला लायब्ररी बंद करून तो यायचा. काउंटरच्या टोकाला स्टुलावर बसायचा, पुस्तक उघडायचा आणि टाइप करता करता हळू आवाजात वाचायचा. वाचून दाखवणं हेच त्याचं काम असल्यामुळे आवाज असा घडलेला होता की एकही अक्षर खाली पडू नये. ती समोर सोल्डरिंग करत बसायची. धूर वर जायचा, तो खोकायचा, ती छोटा पंखा त्याच्या बाजूने फिरवायची. बाबा खुर्चीत डुलक्या काढायचे, निदान तसं दाखवायचे तरी.

एकदा त्याने विचारलं की एकाच यंत्राला ही दोन वेगळी पोर्टं कशाला. तिने सांगितलं की सिरीयलमध्ये जायला एकच वाट, अक्षराचे आठ तुकडे एकामागून एक निघतात. पॅरललमध्ये आठ वाटा, आठही तुकडे खांद्याला खांदा लावून एकदम निघतात.

"म्हणजे सिरीयलवाले बिचारे मागेच राहत असतील."

"राहतात मागे. पण लांबचा पल्ला तेच गाठतात. आठ जणांनी बरोबरीने फार लांब चालायचं म्हटलं की कुणाचं तरी पाऊल चुकतं."

"आणि दोघंच असले तर?"

ती समोरच्या बोर्डावर जरा जास्तच वाकली. "दोघांसाठीचं पोर्ट आमच्याकडे मिळत नाही," ती म्हणाली... कान मात्र तापले होते. तो हसला, आणि त्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त टाइप केलं.

तुम्हाला वाटेल की पोरगी मजेत होती. छे. सकाळी ती भंगारवाल्यांच्या वखारी पालथ्या घालायची. त्याच जातीचा लॅपटॉप कुठे मिळाला तर त्याची चिप काढून याला बसवता आली असती. पहिल्या आठवड्यात एक मिळाला, त्याचं नेमकं पॅरललच मेलेलं. दुसरा मिळाला, त्यावर कधीकाळी चहा सांडला होता आणि आतलं सगळं हिरवं झालं होतं. ओळखीच्या सगळ्या दुरुस्तीवाल्यांना फोन करून झाले. याचं सिरीयल पोर्ट ठणठणीत होतं, हे तिने पहिल्याच दिवशी तपासलं होतं, पण त्याचा काय उपयोग. मशीन पॅरललवर चालतं असं त्याने सांगितलं होतं. मशीनला आणखी कुठलं पोर्ट आहे का, हे त्याला विचारायचं तिच्या दोनदा जिभेवर आलं. पण विचारलं असतं तर तो म्हणाला असता, का? त्या एका 'का'ला ती इतकी घाबरली की प्रश्न गिळून टाकला.

आणि बहुतेक रोज निघताना तो विचारायचा, भाग आला का. विचारलं की ती सांगायची, दोन दिवसांत.

एके दुपारी तो टाइप करताना एक वाक्य वाचून थांबला. माहिती दडवून मिळवलेली संमती ही खरी संमती नव्हे, असं काहीसं ते होतं. तो म्हणाला, किती साधं आहे बघा, लहान मुलालाही कळेल. सोल्डरिंगचं तापलेलं टोक तिच्या बोटाला चटकलं. तो चटकन उठला, पाण्याचा ग्लास आणला, तिचं बोट त्यात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. त्याच्या हाताची पकड अगदी हलकी होती. त्या क्षणी सांगितलं असतं तर... पण तिने डोळे मिटून घेतले. बोट चांगलंच पोळलं होतं, पण रडू आलं ते त्यामुळे नाही. आपण याच्या प्रेमात पडलोय आणि याला रोज तोंडावर फसवतोय, हे दोन्ही तिला त्या ग्लासातल्या पाण्यापाशी एकदमच लख्ख कळलं.

परीक्षेला चौदा दिवस उरले तेव्हा छोटी स्वतः दुकानात आली. वीस-बावीसची, बारीक चणीची, हातात पांढरी काठी. दादा मागे राहिला होता, कोपऱ्यावर कागद घेत होता. छोटीने काउंटर चाचपला, लॅपटॉप चाचपला, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"हे काट्यांचं. आणि हे भोकांचं, आमचं," ती म्हणाली. "ताई, कधी होईल गं?"

"दोन दिवसांत."

छोटी जराशी हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "दादा रोज घरी येऊन तुझं बोलणं मला जसंच्या तसं सांगतो. मला वाटलं होतं, आवाज ऐकला की कळेल. तू 'दोन दिवस' म्हणायच्या आधी श्वास घेतेस, ताई. खरं बोलताना माणूस मध्येच श्वास घेत नाही. दादाला नाही कळत ते. त्याला डोळे आहेत ना."

तेवढ्यात दादा आला आणि बोलणं तिथेच राहिलं. जाताना छोटीने पोर्टवालीचा हात शोधला आणि नुसता दाबला. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लॅपटॉप त्याच गाठोड्यात बांधला आणि लायब्ररीची वाट धरली. दुकानात तो येईपर्यंत थांबता आलं असतं, पण तीन वाजेपर्यंत आपलं अवसान गळेल याची तिला खात्री होती. लायब्ररी एका जिन्याखाली होती. पहिल्या खोलीत भिंतभर जाडजूड ब्रेलची पुस्तकं, दुसऱ्या खोलीत मशीन. छोटी खिडकीशी बसून जुनीच पानं परत परत वाचत होती. तो पोर्टवालीला बघून आनंदाने उठला.

"आला भाग?"

"भाग मागवलेलाच नव्हता," ती म्हणाली. "तुमचं पोर्ट खराब नव्हतं. मी जाळलं. चौथ्या दिवशी, लॅपटॉप चालू असताना मी केबल ओढली. तेव्हापासून मी खोटं बोलतेय. चिप शोधतेय, पण मिळत नाहीये. मिळेल असंही वाटत नाही."

तो हळूच खाली बसला. मग बोलला, तेही असं शांतपणे की त्यापेक्षा ओरडला असता तर सोसलं असतं.

"पोर्ट जळालं त्याचं काही नाही. कुणाच्याही हातून जळेल. पण रोज संध्याकाळी मी हिला सांगायचो, उद्या. तिला मी कधी खोटं सांगितलेलं नाही. तुम्ही माझ्याकडून वीस दिवस ते वदवून घेतलंत."

'माफ करा' म्हणायचीही तिला लाज वाटली. ती उभ्याउभ्या रडली, आवाज न करता. पण छोटीपासून काय लपणार. ती म्हणाली, "दादा, रडतेय ती. आणि रडून पानं छापली जात नाहीत. ताई, आता काय करता येईल ते सांग."

मग तिने डोळे पुसले आणि तो अडवून धरलेला प्रश्न विचारला. मशीनला मागे आणखी एखादं पोर्ट आहे का?

त्याला माहीत नव्हतं. छोटीला होतं. रोज तीच मशीन पुसायची. ती म्हणाली की खाली, भिंतीच्या बाजूला, बोटभर लांब पत्र्याची पट्टी आहे, दोन स्क्रूंनी बसवलेली. तिला ती नेहमी बोटाला लागते. पोर्टवाली गुडघ्यांवर बसली, मशीन आणि भिंतीच्या फटीत हात घालून तिने स्क्रू काढले. पट्टी खाली पडली. आत सिरीयल पोर्ट होतं, कारखान्यातून आलं तसं कोरं करकरीत, कुणी कधी न वापरलेलं.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. तिच्या लक्षात आलं होतं की पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर 'मशीनला आणखी काय आहे' हा प्रश्न आपोआप आला असता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पानं सुरू झाली असती. वीस दिवस चिपने खाल्ले नव्हते. तिच्या भीतीने खाल्ले होते. हे तिने त्या दोघांना तसंच्या तसं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

केबल आणायला ती दुकानात धावत गेली. बाबांनी काय झालं विचारलं, आणि तिने त्यांनाही सगळं सांगून टाकलं, पाटीखाली उभं राहून. बाबा उठले, थरथरत्या हाताने स्वतः खण उघडला, सिरीयलची लांब केबल काढली आणि तिच्या हातात दिली. "दोन्ही बंद करून जोड," एवढंच म्हणाले.

सिरीयलला एक पथ्य असतं. दोन्ही टोकांनी किती वेगाने बोलायचं ते आधी जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर एक बोलतो एक आणि दुसरा ऐकतो भलतंच. पहिलं पान खडखडत बाहेर आलं. छोटीने त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, हे कुठल्याच कायद्यात बसत नाही. मशीनच्या पोटातल्या बारक्या कळा खालीवर करून पोर्टवालीने वेग बदलला. दुसरं पानही तसंच. तिसऱ्या पानाला छोटीचं बोट डावीकडून उजवीकडे सरकलं, थांबलं नाही, पुढच्या ओळीवर गेलं, आणि मग पुढच्या. ती वाचायलाच लागली. कुणाला सांगायचं भानही तिला राहिलं नाही.

त्यानंतरचे अकरा दिवस पोर्टवाली सकाळी दुकान बाबांवर सोपवून लायब्ररीत असायची. मशीन जुनं, मध्येच कागद अडकायचा, सिरीयल मध्येच गप्प व्हायचं. कुणीतरी हजर असणं भाग होतं. तो टाइप करायचा, ती छापायची, छोटी वाचायची. मशीनचा आवाज असा की बोलायची सोयच नव्हती, आणि तेच बरं होतं. तो बोलायचा ते कामापुरतं. कागद संपला. पान सरकलं. 'मॅडम' म्हणायचा, पूर्वी म्हणायचा तसंच, पण त्यातली गंमत निघून गेली होती. ती मान खाली घालून काम करायची. एकदाही तिने स्वतःची बाजू मांडली नाही. शेवटचं पान परीक्षेच्या दोन दिवस आधी निघालं. छोटीला सगळं एकदाच वाचून झालं, दुसऱ्यांदा वाचायला वेळ मिळाला नाही.

परीक्षेच्या दिवशी छोटीनेच तिला बोलावलं. तू नसलीस तर दादा तीन तास येरझाऱ्या घालेल, म्हणाली. छोटी आपल्या लेखनिकाबरोबर आत गेली, दार लागलं, आणि बाहेरच्या पायऱ्यांवर ही दोघंच उरली. मध्ये एका माणसाची जागा सोडून बसली. ऊन कोवळं होतं. आजूबाजूला इतकी शांतता होती की अकरा दिवस मशीनच्या खडखडाटात काढलेल्या कानांना ती टोचत होती.

तासाभराने तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. रागाने नाही."

"विचारा."

"मी नुसतं बोट लावलं तर केवढ्याने डाफरलात. तुमची पाटी, तुमचा हात, तुमचे बाबा समोर. मग चालू लॅपटॉपची केबल तुमच्या हातून निघाली कशी?"

घाईत होते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याने ते मानलंही असतं. पण आता याच्याशी खोटं बोलायचं नाही हे तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं, मग ते कितीही अंगाशी येवो.

"तुम्ही दारात चष्मा पुसत होता. मी तुमच्याकडे बघत होते. हातात काय आहे ते विसरले."

तिने आता थांबायचं नाही असं ठरवलं.

"आधी दुकानाच्या नावाची भीती वाटली. ती दोन दिवसांत गेली. नंतर... भाग मिळाला असता तर तुम्ही लॅपटॉप घेऊन गेला असतात. मी खरंच शोधत होते, रोज. पण रोज हात हलवत परत यायचे तेव्हा मनातून थोडं बरं वाटायचं. आज तीन वाजता तुम्ही याल म्हणून. छोटीची पानं अडलीत हे माहीत असून. हे सगळ्यात वाईट आहे, आणि ते मी तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं. मला तुम्ही आवडता. फार. पण ते या सगळ्याचं कारण म्हणून धरू नका."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता हा उठून जाईल. तो उठला नाही. त्याने चष्मा काढला, हातात धरला, पण पुसला नाही.

"दुसऱ्या आठवड्यात मी भाग आला का विचारायचं सोडलं होतं," तो म्हणाला. "मध्ये चार दिवस. लक्षात आलं होतं?"

"आलं होतं. मला वाटलं, कंटाळलात."

"घरी सांगितलं, विसरलो. विसरलो नव्हतो." त्याचा तो घडलेला आवाज पहिल्यांदाच अडखळला. "विचारलं आणि तुम्ही 'आला' म्हणालात तर... मग मी कुठल्या निमित्ताने येऊन बसणार? छोटी रोज वाट बघत होती, आणि मी चार दिवस मुद्दाम विचारलं नाही. तुम्ही लायब्ररीत येऊन सगळं सांगितलंत तेव्हा मी तुमच्यावर रागावलो, त्यातला निम्मा राग माझा माझ्यावर होता. आणि तुम्हाला एकटीला रडू दिलं. अकरा दिवस."

मधली रिकामी जागा अजून तशीच होती. मग त्याने पायरीवर हात टेकला, त्या जागेत, तळवा वर करून, आणि ती कितीतरी वेळ नुसती त्या हाताकडे बघत राहिली. शेवटी तिने आपला हात त्यात ठेवला. बोटावरचा पोळल्याचा डाग अजून गेला नव्हता. त्याने त्यावरून एकदा अंगठा फिरवला.

"पास होईल ना ती?" तिने विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "एकदाच वाचलंय. राहिली तर ते आपल्या दोघांमुळे."

तिने मान हलवली. त्याने 'आपल्या' म्हटलं होतं, आणि तेही अशा ठिकाणी जिथे दोष वाटून घ्यायचा होता. तिने त्याचा हात घट्ट धरला.

आत घंटा झाली. दार उघडलं, मुलं बाहेर यायला लागली, आणि गर्दीच्या मागे काठीची टकटक ऐकू आली. दोघंही उठली.

"आज तिला ते चार दिवस सांगतो," तो म्हणाला. "माझे."

"मी थांबू बाहेर?"

"नको. तुम्ही शेजारी असा. माझी जीभ अडखळली तर उरलेलं तुम्ही सांगा."

आणि हात न सोडता ती दोघं पायऱ्या चढायला लागली.